मदत हवी आहे: रक्तातलं मॅग्नेशियम नॉर्मल, तरी पापणी फडफडते

मंडळी, इथे कुणी डॉक्टर किंवा फार्मसीवाले असतील तर जरा सांगाल का?

बाबांची डाव्या डोळ्याची खालची पापणी सारखी फडफडते आणि पहाटे पोटरीत असा गोळा येतो की ते ओरडतच उठतात. सीरम मॅग्नेशियम १.८ आलं, म्हणजे रेंजमध्ये. पण शरीरातल्या साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियमपैकी रक्तात जेमतेम एक टक्का असतं, बाकीचं हाडं, स्नायू नि पेशींमध्ये. मग या रिपोर्टवर कितपत विसंबायचं?

मी वाचलं ते असं: नसेच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरलं की संदेश सुटतो, आणि मॅग्नेशियम त्याला आडकाठी करतं. मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरच्या (पेशीवरचं संदेश घेणारं दार) तोंडाशीही ते बुचासारखं बसतं. ते कमी पडलं की नसा उगाच चेकाळतात, फारच घटलं तर झटकेसुद्धा येतात. गरोदरपणातल्या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट देतात, ते उगाच नाही.

बाबा बरीच वर्षं ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल घेतात, शिवाय बीपीसाठी लघवीची गोळी. दोन्हींनी मॅग्नेशियम घटू शकतं म्हणे. शंका तिथेच आहे. पण क्रिएटिनिनही (किडनी कशी चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा) किंचित वाढलंय, आणि किडनी कमजोर असेल तर जादा मॅग्नेशियम साठून राहतं, त्यामुळे दुकानातून परस्पर गोळ्या आणायला मन धजत नाही. (‘घ्या हो, काही होत नाही’ असं सांगणारे घरात भरपूर आहेत!)

तर २४ तासांच्या लघवीतलं मॅग्नेशियम तपासून काही कळेल का? आणि आधी फिजिशियनना गाठू की थेट न्यूरोलॉजिस्टना?