ठाण्याहून दिवेआगर, ३४ किलोचा लॅब्रॅडॉर कुत्रा आणि छोटी गाडी: सल्ला हवाय

कासारवडवलीची
नमस्कार मंडळी. आमचा गोट्या, लॅब, दोन वर्षांचा, ३४ किलो. डिसेंबरात त्याला दिवेआगरला न्यायचं मनात आहे. माणगाव-म्हसळा मार्गे, थांबत थांबत पाच-सहा तास धरलेत. घरी दिवसभर हुंदडतो, पण गाडीत क्षणभर टेकत नाही. या खिडकीतून त्या खिडकीकडे चाललेलं असतं. ऐरोलीचा पूल येईपर्यंत सीटवर लाळेचं थारोळं, आणि एकामागून एक जांभया. सासूबाई म्हणतात अंगात रग फार आहे, निघण्याआधी तासभर पळवा. पळवून पाहिलं, काही फरक नाही. कुणी नेलंय का एवढ्या मोठ्या कुत्र्याला लांब?

खारघरची
ताई, लाळ आणि जांभया वाचल्या आणि तिथेच थांबले. ही रग नाही, मळमळ आहे. जोडीला भीतीही असणार. आमच्या शेफर्डचं अगदी हेच होतं आणि आम्ही वर्षभर तिला "गप बस" म्हणून दटावत राहिलो. अजून आठवलं की वाईट वाटतं.

गोट्या आजवर गाडीत बसला तो बहुतेक इंजेक्शनसाठीच ना? मग गाडी दिसली की त्याच्या पोटात गोळा येणारच. आधी ती गाठ सोडवा. पार्किंगमध्ये, इंजिन बंद, दारं उघडी, आणि त्याचं जेवण आत. चार-पाच दिवस एवढंच. मग इंजिन नुसतं सुरू ठेवायचं. मग सोसायटीला एक फेरी. मग पंधरा मिनिटांवरची एखादी मोकळी जागा, जिथे उतरल्यावर त्याला मजा येईल. (येऊर नको. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबटे आहेत.) आम्हाला दीड महिना लागला.

निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला देऊ नका, पाणी मात्र द्या. खिडकी बोटभर उघडी ठेवा. तरीही उलटी झाली तर डॉक्टरांना विचारा, कुत्र्यांसाठी वेगळं औषध मिळतं. आपल्या डब्यातली गोळी देऊ नका.

ऐरोलीकर
वरच्या ताईंचं पटलं. पळवण्याबद्दल मात्र बोलतोच. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याला जेवल्यावर पळवलं तर पोट फुगून पीळ बसण्याचा धोका असतो, आणि त्यात काही तासांत जीव जाऊ शकतो. निघण्याआधी अर्धा तास शांतपणे हुंगत हुंगत फिरवा. नाकाला काम मिळालं की कुत्रा जास्त निवतो.

हॅचबॅकमध्ये मागच्या सीटपुढच्या खड्ड्यात उशा भरा आणि वरून जुनी गोधडी अंथरा, म्हणजे पाय घसरत नाहीत. पट्टा गळ्याला नको, छातीचा हार्नेस घ्या आणि तो सीटबेल्टला अडकवा.

आणि दार उघडण्याआधी दोरी हातात. वडखळच्या पुढे एका ढाब्यावर मी आधी दार उघडलं. आमचा कुत्रा माझ्या हाताखालून निसटून थेट महामार्गावर. एका ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचला. तेव्हापासून घरात नियमच केलाय, आधी दोरी, मग दार.

चहाला उतरताना त्याला बंद गाडीत ठेवू नका. बाहेर ३० अंश असेल तर आत दहा मिनिटांत चाळिशी गाठते आणि काच थोडी उघडी ठेवून फारसा उपयोग होत नाही. एकाने चहा प्यावा, दुसऱ्याने कुत्रा धरावा.

बोर्लीची माहेरवाशीण
आमच्याकडे येताय तर दोन गोष्टी. घरगुती राहण्याच्या ठिकाणी फोनवर जात आणि वजन दोन्ही सांगा. नुसतं "कुत्रा आहे" म्हटलं की लोक लहानसा समजतात, आणि तुम्ही दारात आल्यावर अवघडतात. वाडीत कोंबड्या, मांजर, गाय आहे का, कुंपण आहे का, तेही विचारा.

दुसरं, किनाऱ्यावर दोरी सोडू नका. थंडीत ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री वाळूत अंडी घालतात, आणि कुत्र्यांना घरटी उकरायची खोडच असते. समुद्राचं पाणी प्यायला तर जुलाब होतात, म्हणून गोडं पाणी जवळ ठेवा. वाडीतून आल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्या चाचपा, गोचीड तिथेच दडते.

कासारवडवलीची
सगळ्यांचे मनापासून आभार. डिसेंबर रद्द, फेब्रुवारीत बघू. आजच गाडीत ताटली ठेवली. पुढचे दोन पाय आत, मागचे दोन बाहेर, तसाच उभा राहून जेवला.

खारघरची
पहिल्या दिवशी एवढं पुष्कळ झालं. उद्याही ताटली तिथेच ठेवा, ओढून आत घेऊ नका.