व्हीए रेटिंग: कंबरेला २०% मिळाले, पायांच्या नसा नामंजूर. पुढे काय?

मीरा_टेक्सास:
यजमान अमेरिकन लष्करातून निवृत्त. व्हीएने, म्हणजे तिथल्या माजी सैनिकांच्या खात्याने, अपंगत्वाच्या टक्केवारीत (रेटिंग) कंबरेला २०% दिले, पण दोन्ही पायांत उतरणारी कळ आणि डाव्या पावलाचा बधिरपणा नामंजूर. निर्णयाच्या पत्राला ४ महिने झाले. हायर लेव्हल रिव्ह्यू (वरिष्ठांकडून फेरतपासणी) मागावा की नवा पुरावा जोडावा?

गणू_व्हर्जिनिया:
ताई, तपासणीचा अहवाल मागवलात का? नसांबद्दल कारण काय लिहिलंय? मधुमेह आहे का त्यांना?

मीरा_टेक्सास:
आहे. अहवालात ‘मधुमेही न्यूरोपथी’ (मधुमेहाने नसा बिघडणं) एवढी एकच ओळ. ईएमजी, म्हणजे नसा-स्नायूंची विद्युत तपासणी, नॉर्मल.

गणू_व्हर्जिनिया:
मग रिव्ह्यू नको. तिथे नवा कागद घेतच नाहीत, फाइलमधल्या पुराव्यावरच पुन्हा निर्णय होतो. सप्लिमेंटल क्लेम (नव्या पुराव्यासह पुन्हा दावा) भरा, फॉर्म २०-०९९५, आणि सोबत न्यूरॉलॉजिस्टचं पत्र. सगळी मदार त्या पत्रावर आहे. मधुमेहाचा बधिरपणा सहसा दोन्ही पावलांत सारखा, मोजा घातल्यासारखा चढतो. मणक्यातला एका पट्ट्यात उतरतो: मणक्यातून निघणारी एल ५ नस दबली असेल तर अंगठ्याकडे, एस १ असेल तर करंगळीकडे. हा फरक, रिफ्लेक्स, अंगठा वर उचलायची ताकद, एमआरआयमध्ये कुठली नस दबलीय, सगळं यायला हवं. ‘मणक्यामुळे असण्याची शक्यता निदान ५०%’ असं स्पष्ट लिहून घ्या. ‘असू शकतं’ एवढ्यावर भागत नाही. नुसती संवेदना बिघडली असेल तर ईएमजी नॉर्मल येऊ शकतं, तेही पत्रात हवं.

शिल्पा_ओहायो:
सायटिक नसेला (कंबरेतून पायात उतरणारी मोठी नस) त्रास सौम्य असेल तर १०%, मध्यम २०, त्यापुढे ४०. नुसत्या बधिरपणाला २० च्या वर देत नाहीत, म्हणून स्नायूची ताकद कमी झाली असेल तर तशी नोंद करून घ्याच. कंबरेला ४० हवे तर पुढे वाकणं ३० अंशांवर किंवा त्याआधीच थांबायला हवं. दुखणं उसळल्यावर किती वाकता येतं याचा अंदाज तपासणाऱ्याने द्यावा, असं ‘शार्प’ खटल्याच्या २०१७ च्या कोर्ट निकालात आहे. अहवालात तो नसेल तर क्लेममध्ये तेही मांडा.

दोन्ही पाय मंजूर झाले की बायलॅटरल फॅक्टर (दोन्ही बाजूंना त्रास असल्यास मिळणारी वाढ) तपासा. टक्के सरळ बेरजेने नाही, पुढचा टक्का उरलेल्या भागावर धरतात, आणि शेवटी जवळच्या दहाच्या पटीत नेतात. समजा कंबर २०, डावा पाय २०, उजवा १०. पायांचे मिळून २८, त्यात त्याचा दहावा हिस्सा घालून ३१, कंबरेसकट ४५, म्हणजे ५०%. फॅक्टर राहून गेला तर ४२, म्हणजे ४०%.

गणू_व्हर्जिनिया:
आणि मुदत निर्णयाच्या पत्राच्या तारखेपासून १ वर्ष. त्याच्या आत अर्ज गेला तर मंजुरी सहसा मूळ क्लेमच्या तारखेपासून धरतात, थकबाकीसकट. डॉक्टरांचं पत्र मिळायला वेळ लागणार असेल तर न्यूरॉलॉजिस्टची वेळ आजच घ्या.