प्रतिसाद: टायमर नेमके कशाचे लावावेत?
कूलडाउन (एकदा मंत्र टाकल्यावर तो पुन्हा वापरता येईपर्यंतचा थांबा) दाखवणारे अ‍ॅड-ऑन (खेळाला जोडायचे छोटे प्रोग्राम) म्हणजे फसवणूकच, या मताशी मी सहमत नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळातील अ‍ॅड-ऑन लुआ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले असतात आणि खेळ जी माहिती पुरवतो तेवढीच ते दाखवू शकतात, लढाईत खेळाडूच्या वतीने मंत्र टाकण्याची मुभा त्यांना नसल्यामुळे बटण दाबण्याचा निर्णय अखेर आपलाच राहतो. बटणावर उरलेले सेकंद आकड्यांत दाखवण्याची सोय तर आता खेळाच्या सेटिंगमध्येच आहे.

खरी अडचण वेगळी आहे. प्रत्येक मंत्राचा टायमर पडद्यावर मांडला की नजर टायमरच्या पट्ट्यांवरच खिळते आणि आपल्या पात्राच्या पायाखाली पेटलेली आग दिसत नाही (हे अनुभवाने सांगतो आहे). मुळात १.५ सेकंदांच्या असलेल्या सामाईक कूलडाउनसाठी (कोणताही मंत्र टाकल्यावर बहुतेक सगळ्या मंत्रांना एकदम लागणारा छोटा थांबा) टायमर लावूच नये, कारण त्याची लय हाताला आपोआप सापडते. त्याउलट दोन-तीन मिनिटांनी परतणारे बचावाचे मंत्र आणि शत्रूवरील, संपत आले की पुन्हा टाकावे लागणारे परिणाम, यांचे टायमर आपल्या पात्राच्या किंचित खाली ठेवावेत. ‘फायनल फँटसी १४’ या दुसऱ्या ऑनलाइन खेळात मात्र अशी बाहेरची साधने नियमानेच निषिद्ध आहेत.