मदत हवी आहे: बंधाऱ्याच्या आडोशाला बांधलेली होडी का हलते?

नमस्कार मंडळी, आमचं गाव देवगडजवळ. किनाऱ्यापासून समुद्रात गेलेला एक दगडी बंधारा आहे, त्याच्या आडोशाला बाबांची छोटी फायबरची होडी असते. दुपारचा वारा सुटला की बाहेर नुसता फेस, पण आत तळ्यासारखं शांत. उलट वारा अजिबात नसतो, बाहेर पाणी गुळगुळीत, फक्त लांब लांब लाटा येत असतात तेव्हा आतली होडी असे हिसके देते की गेल्या आठवड्यात कडीपाशी दोराचे तीनपैकी दोन पीळ तुटले, बाबांनी पहाटे बघितलं म्हणून होडी वाचली.

भाऊ म्हणतो दगडांच्या फटीतून पाणी येतं, सिमेंट भरूया. बाबा म्हणतात, "लाट वळता गो, दगडातसून येणा नाय."

मग मी घरी करून बघितलं. काचेचा ट्रे दोन स्टुलांवर, त्यात थोडं पाणी, वर मोबाईलचा टॉर्च, खाली पांढरा कागद, लाटांच्या सावल्या कागदावर मस्त दिसतात. फरशीचे दोन तुकडे उभे करून मधे बोटभर फट ठेवली आणि पट्टीने पाणी हलवलं तर पलीकडे लाट अर्धगोल पसरली! फट चार बोटं केली तर मधली लाट सरळच गेली, कडेलाच काय ती वाकली. एकच तुकडा ठेवला तरी टोकाला वळसा घालून मागे आलीच, आणि पट्टी हळू हलवली, म्हणजे लाट लांब झाली, की जास्त आत येते.

समुद्रातही हेच होतं का? आणि होडी बांधू कुठे? आत्ता ती टोकापासून २० मीटर आत आहे, भरतीला पाणी ४ मीटर.

प्रतिसाद: ताई, बाबा बरोबर आहेत. याला विवर्तन म्हणतात, बारावीत प्रकाशाच्या धड्यात असतं तेच. एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते ते मोजा ना.

धागाकर्ती: मोजलं. वाऱ्याच्या लाटा ३ सेकंद, लांबवाल्या १०.

प्रतिसाद: मग ऐका. ४ मीटर पाण्यात १० सेकंदांची लाट साधारण ६० मीटर लांब असते, ३ सेकंदांची जेमतेम १३. म्हणजे तुमची होडी वाऱ्याच्या लाटेच्या हिशोबाने दीड लाट आत आहे, पण लांब लाटेसाठी ती टोकाजवळच, लाटेचा तिसरा हिस्साच आत. टोकापासून लाटेच्या दिशेने सरळ मागे रेघ ओढली तर त्या रेघेवरही लाटेची उंची निम्मी उरते, जितकं आत जाल तितकी कमी. शिवाय पाणी उथळ होत जातं तशी लाट तिकडे वळते, ते वक्रीभवन, ते वेगळं, पण दोन्ही एकदमच चालू असतं. फटी बुजवून हे थांबणार नाही. होडी जमेल तितकी आत घ्या, कडीपाशी दोरावर जुन्या पाईपचा तुकडा चढवा. या लाटा लांबच्या वादळातून येतात म्हणून इथे वारा नसतो, हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज बघत जा.

धागाकर्ती: खूप खूप आभार! पाईपचा तुकडा बाबांनी आजच चढवला. टोकापासून ५० मीटरवर एक जुनी कडी आहे, पण ओहोटीला तिथे गुडघाभरच पाणी असतं, होडी टेकेल. खाली वाळू आहे, खडप नाही. पण लांब लाटेत ती वाळूवर आपटत राहिली तर तळाला तडा जाईल का? कोणी असं बांधत असेल तर प्लीज सांगा.