क्रिस्टिना यांगचं नेमकं काय चुकलं? ओवेनवाल्यांनी उत्तर द्यावं

पऱ्हाटी (आर्वी तालुका)
'ग्रेज ॲनाटॉमी' या हॉस्पिटलवरच्या अमेरिकन मालिकेचा दहावा सीझन काल संपवला. क्रिस्टिना सिॲटल सोडून झुरिकला गेली, माझ्यासाठी मालिका तिथेच संपली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: क्रिस्टिना यांग ही हृदयाची सर्जन व्हायला निघालेली फटकळ, हुशार बाई. आधी तिचं जमतं प्रेस्टन बर्कशी. तो नावाजलेला हार्ट सर्जन, तिचा वरिष्ठ. तो ऐन लग्नाच्या वेळी सोडून जातो. मग येतो ओवेन हंट, इराकहून परतलेला फौजी सर्जन. त्याच्याशी लग्न होतं आणि मोडतं. त्याला लेकरू हवं, हिला नको.

ओवेनवर अन्याय झाला म्हणणाऱ्यांनी सातव्याचा शेवट आणि आठवा सीझन पुन्हा पाहावा. दिवस राहिले तेव्हा तिनं तोंडावर सांगितलं, मला मूल नको. त्यानं तिला घराबाहेर काढलं. तिची जिवलग मैत्रीण मेरेडिथ हिनं कान उपटल्यावर हात धरून गर्भपाताला सोबत गेला. आणि पुढे काय? मेरेडिथच्या पोरीच्या वाढदिवसाला, भरल्या घरात, बायकोवर ओरडला की तू आपलं मूल मारलंस. वर दुसऱ्या बाईकडे जाऊन आला ते वेगळंच. याला प्रेमकथा म्हणायचं?

तिफण
ताई, तुमी एकाच बाजूनं पाह्यता. ओवेन कायचा खलनायक? लढाईतून आलेला मानूस थो. सोबतचे सारे मेले. छताचा पंखा फिरला का त्याले हेलिकॉप्टर दिसे, आन झोपीतच क्रिस्टिनाचा गळा दाबला त्यानं. वाईटच झालं. पन मंग इलाज घेतला न गड्यानं. (आमच्या इकडं मे महिन्यात कोनाले पंखा बंद कर म्हनून पाहा बरं.)
आन लेकरू पाह्यजे म्हननं गुन्हा हाय काय? घरी म्हातारी माय रोज इचारते तेव्हा समजते.

पऱ्हाटी
गुन्हा नाही भाऊ. हवं असणं वेगळं आणि सोबत जाऊन मग चारचौघांत उणंदुणं काढणं वेगळं. एक तर जायचंच नव्हतं, भांडायचं होतं तेव्हाच भांडायचं. हो म्हणून मनात खुन्नस ठेवायची, हे मला जास्त वाईट वाटतं. आणि म्हातारी माय तुम्हाला विचारते एकदा, तुमच्या बायकोला किती वेळा विचारते ते तिलाच विचारा.

तिफण
हे बाकी खरं हाय. पन ओवेनचा मुद्दा सोडला नाई मी.

ओटीसिस्टर
त्या हात धरण्यावरून एक गोष्ट सांगते. आमच्या तालुक्याला एका खासगी दवाखान्यात बाई गर्भपातासाठी गेली की पहिला प्रश्न येतो, नवरा कुठाय, सही कोण करणार? नवरा सोयाबीन विकायला गेला असेल तर तो येईपर्यंत बाई बाकड्यावर बसून. मग सासू येते, तिचं व्याख्यान होतं. कायद्यात असं काही नाही. १९७१ चा गर्भपाताचा कायदा आहे, त्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही, सासूची तर नाहीच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, ठरावीक कारणांसाठी चोवीसपर्यंत दोघांचं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित मुलींनाही चोवीस आठवड्यांची तीच मुभा दिली.
त्यामुळे क्रिस्टिना फॉर्मवर स्वतः सही करून मोकळी होते हे पाहताना मला ओवेनचं काही वाटलंच नाही. खरं सांगायचं तर हेवा वाटला.

तिफण
सिस्टर, सही लागत नाई हे मले आज कळलं. आमच्या इकडं सगळे लागते म्हनूनच सांगतात.

ओटीसिस्टर
नंतर नवऱ्यानं येऊन धिंगाणा घालू नये म्हणून घेतात. दवाखान्याची भीती, बाईच्या माथी.

गुर्जी
मी निवृत्त शिक्षक, सून पाहते म्हणून सोबत पाहिली. तुम्ही सगळे तिच्या संसारात अडकलात. माझ्या मते क्रिस्टिनाचा खरा दोष तिसऱ्या सीझनमध्ये आहे आणि त्यावर इथे कोणी अवाक्षर काढलेलं नाही. बर्कला गोळी लागते, पुढे त्याचा हात थरथरू लागतो. हार्ट सर्जनचा हात! आणि ही बाई ते लपवते. त्याच्या ऑपरेशनमध्ये उभी राहून स्वतः टाके घालते आणि नाव त्याचं चालू देते. टेबलावर जो माणूस छाती उघडून पडला आहे त्याला कोणी विचारलं? तिच्या सोबतच्या इंटर्नचे, जॉर्जचे वडीलही त्याच हाताखाली जाणार होते. नवरा कसा वागला हा घरचा मामला. हा रुग्णांचा विश्वासघात आहे.

पऱ्हाटी
गुर्जी, ती तेव्हा इंटर्न होती. तो तिचा साहेब आणि घरातही तोच. आणि शेवटी सर्जनांच्या प्रमुखाला, चीफला जाऊन सांगितलं कोणी? तिनंच. त्यावर बर्कनं काय केलं, तर अबोला धरला. एका घरात राहून दोघं बोलत नाहीत, आधी कोण बोलतं याची चढाओढ. ती बोलली तेव्हा यानं लग्नाची मागणी घातली. म्हणजे झुकली की बक्षीस.

गुर्जी
उशिरा सांगितलं म्हणून लपवलेलं पुसलं जात नाही. इंटर्न होती, कबूल. पण हुशार होती ना? सगळ्यांत हुशार तीच, असं तुम्हीच म्हणता.

ओटीसिस्टर
यात मी गुर्जींच्या बाजूनं. हात थरथरतोय हे सर्वांत आधी बाजूला उभं राहणाऱ्यालाच कळतं. सुई पकडायचा चिमटा सुईवर नीट बसत नाही, गाठ दुसऱ्यांदा मारावी लागते, डॉक्टर उगाच सिस्टरवर चिडतात. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सगळ्यांना दिसतं, पण तोंड कोणी उघडत नाही, कारण उद्या त्यांच्याच हाताखाली उभं राहायचं असतं. क्रिस्टिनानं तोंड उघडलं, पण किती ऑपरेशनं झाल्यावर?
तरी पऱ्हाटीताईंचं एक खरं. त्या बर्कला कोणी काही विचारत नाही.

संत्रेवाली (वरूड)
तुमचं चालू द्या. मला एवढंच म्हणायचंय की होणाऱ्या सासूनं लग्नाआधी तिच्या भुवया काढायला लावल्या, ते मी कधी माफ करणार नाही. नवरदेव पळाला, तुतारी, आजीचा फोटो आणि लकी टोपी आठवणीनं घेऊन गेला. भुवया मात्र हिलाच उगवाव्या लागल्या!

तिफण
😂😂 ट्रम्पेट होतं थे काकू, तुतारी नाई.

गुर्जी
मग झुरिकचंही बोलू. ज्या बर्कनं मांडवातून पळ काढला त्याच्याच हातून तिथली संशोधन संस्था घ्यायची? मला ते लाचार वाटलं.

पऱ्हाटी
लाचार कशाला? सर्जनांच्या मोठ्या हार्पर एव्हरी पुरस्काराला (मालिकेतल्या) नाव गेलं आणि मिळाला नाही, का? तर ते हॉस्पिटल त्याच फाउंडेशनचं, आपल्याच माणसाला कसा द्यायचा. म्हणजे त्या इमारतीत राहून कितीही चांगलं काम केलं तरी हात रिकामेच. बर्कनं संस्था दिली ती जुन्या प्रेमाची भरपाई म्हणून नव्हे. तो स्वतः बायको आणि मुलींसाठी मिलानला निघाला होता, जागा रिकामी होत होती. घरासाठी काम सोडणारा तो निघाला आणि कामासाठी घर सोडणारी ही. मालिकेतली मला सगळ्यांत आवडलेली उलटापालट ती.

गुर्जी
हे पटलं. हाताचं नाही पटलं.

तिफण
आन ओवेन?

पऱ्हाटी
ओवेनला शेवटच्या दिवशी तिनं ऑपरेशन थिएटरच्या काचेतून पाहिलं, तो आत काम करत होता. मला त्याचंही वाईट वाटलं हो. पण थांबली नाही ते बरंच झालं.

तिफण
आठवा सीझन पुन्हा पाहातो मी. लाइन राह्यली तं. मंग भांडू.