हँडब्रेक नसलेली घरी बनवलेली जीप, लाइन लॉक चालंल का?

धुळेकर_गॅरेज: भाऊ, जुन्या चेसीसवर जीप बांधतोय, मागं डिस्क ब्रेक टाकले पण कॅलिपरला (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाला) हँडब्रेकची केबलच नाही, मग पायब्रेकच्या पाइपात लाइन लॉक (दाबलेल्या ब्रेकचं ऑइल प्रेशर पाइपातच कोंडून ठेवणारा व्हॉल्व्ह) बसवला तर हँडब्रेक म्हणून चालंल का?

केळीवाला_रावेर: नाही चालणार. ऑइल थंड झालं की प्रेशर उतरतं, सीलमधून झिरपलं तरी तेच, रात्री लावलेली गाडी सकाळी नाल्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम ९६ वाच, पायब्रेक वेगळा न् पार्किंग ब्रेक वेगळा लागतो. माणूस गाडीत नसला तरी केबल-लिव्हरसारख्या मेकॅनिकल जोडणीनं धरून राहिला पाहिजे.

चाळीसगावचा_पोऱ्या: जुन्या जीपसारखा ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागं ड्रम ब्रेक बसव ना, स्वस्तात होतं. फक्त मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) तो ब्रेक धरतच नाही, चाकाखाली लाकडाची ओट लावायचीच. माझी एकदा अशीच सरकली, बापाच्या शिव्या अजून आठवतात.

धुळेकर_गॅरेज: मग केबलवाले वेगळे छोटे कॅलिपरच बघतो. कन्नड घाटात चढावर थांबवून टेस्ट घेऊ का?

केळीवाला_रावेर: आधी शेताच्या बांधावर घे रे बाबा, घाटात ट्रकवाले असतात मागं.