टर्बो पेट्रोल, मायलेज आणि घाट

टर्बो पेट्रोल (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारी) गाडी घेतली की मायलेज विसरा असं इथे कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच खरंय. माझी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (जुनी १.२ लिटर टर्बो ऑटोमॅटिक, १०५ पीएस म्हणजे हॉर्सपॉवरवाली) पुण्यात लिटरला जेमतेम १० किमी देते, पण साताऱ्याला जाताना ८०-९० ला धरली की १७ च्या आसपास जाते, कारण सगळा १७५ एनएम टॉर्क (ओढायची ताकद) १५०० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हजर असतो, उगाच पिळायला लागत नाही. ओव्हरटेकला दाबली की मात्र पितेच, त्याचं काय एवढं.

पण घाट उतरताना न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवा हा जो सल्ला आलाय तो प्लीज कुणी ऐकू नका, कार्बोरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) जमान्यातलं आहे ते. आताच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे) बंदच होतात, चाकंच इंजिन फिरवतात, आरपीएम आयडलच्या (गाडी उभी असतानाच्या सर्वात कमी वेगाच्या) जवळ आला की मगच परत पेट्रोल सुरू. न्यूट्रलला आयडलिंगचं पेट्रोल जातंच वर इंजिन ब्रेकिंगही (इंजिनच गाडीला रोखून धरतं ते) गेलं. मी वाई-पाचगणीचा पसरणी घाट मॅन्युअल मोडला (गिअर स्वतः निवडून) दुसऱ्या-तिसऱ्यात उतरतो, ब्रेक तापत नाहीत आणि वळणातून बाहेर पडताना गाडी पायाखाली तयार असते, खरी मजा तिथेच येते.